दमयंतीने नळाला दोनदा ओळखले

दमयंतीने नळाला आयुष्यात दोनदा ओळखले. पहिल्यांदा स्वयंवराच्या मंडपात. तिथे तिच्यासमोर एकसारखे पाच नळ उभे होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचेच रूप घेऊन आलेले, आणि पाचवा खरा. तिने नीट पाहिले. देवांना घाम येत नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते, गळ्यातली फुले टवटवीत होती. पाचव्याच्या अंगावर मात्र धूळ होती, घाम होता, माळ कोमेजली होती आणि पायाशी सावली पडली होती. वरमाला त्याच्या गळ्यात पडली.

दुसऱ्यांदा ओळखले तेव्हा बरीच वर्षे उलटली होती. नळ जुगारात राज्य हरला होता, बायकोला अरण्यात झोपलेली सोडून निघून गेला होता आणि कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पार बदलले होते. बाहुक हे नाव घेऊन तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी झाला होता. त्या राजाबरोबर तो विदर्भात आला तेव्हा चेहऱ्यावरून त्याला ओळखणे कुणालाच शक्य नव्हते. दमयंतीने केशिनी नावाच्या दासीला त्याच्याकडे पाठवले, त्याने रांधलेल्या मांसाचा एक तुकडा मागवून घेतला, तोंडात टाकला, आणि तिला कळले. ही त्याच हाताची चव.

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात. मला ती वाचताना दर वेळी थक्क व्हायला होते, कारण माणसाच्या प्रेमाविषयी विज्ञानाने गेल्या पन्नास वर्षांत जे शोधून काढले त्याचा सांगाडा तिच्यात जसाच्या तसा आहे. नळावर दमयंतीचे मन जडले ते त्याला न पाहताच. सोनेरी हंसाने वर्णन केले आणि ती झुरू लागली. तिला तेव्हा नळाबद्दल काय ठाऊक होते? काहीच नाही. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे रूप नव्हते, नाव नव्हते, राज्य नव्हते, आणि तरी एका घासावरून तो सापडला. पहिले प्रेम ऐकीव माहितीवर चालले, दुसरे सवयीच्या ओळखीवर. या दोन प्रसंगांच्या मधे माणसाच्या आत काय घडते, हा या लेखाचा विषय.

आणि तो आमच्या भागाचा विषय आहे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटून वाढलेली वस्ती. सावंगी मेघे, बोरगाव मेघे ही तिची शेजारची भावंडे. सिंदी रेल्वे ती वेगळी. इथून आर्वीच्या वाटेने पश्चिमेला गेले की वर्धा नदी लागते आणि नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर. परंपरा याच गावाला प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर मानते. दमयंती विदर्भाची. रुक्मिणी विदर्भाची. अगस्त्य ऋषींची पत्नी लोपामुद्रा विदर्भाची, आणि जिच्या मरणाने अज राजा कोलमडून पडतो ती कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमतीही विदर्भाची. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर एकटा दिवस काढतो तो डोंगर म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या यक्षाचा निरोप कुणा नव्या प्रेयसीला नाही, लग्नाच्या बायकोला आहे, हे आपण सहसा विसरतो. भवभूतीचे घराणेही विदर्भातल्या पद्मपूरचे. त्याच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच आयुष्याची चित्रे पाहतात, दमलेली सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते, आणि राम मनाशी म्हणतो की काळ जाईल तसा संकोचाचा पडदा गळून पडतो आणि मग उरतो तो पिकलेला स्नेह. टिकलेल्या प्रेमाची इतकी सुंदर व्याख्या संस्कृतात क्वचित सापडेल. ती भवभूतीने ठेवली कुठे, तर सीतात्यागाला कारण ठरणाऱ्या लोकापवादाची बातमी घेऊन हेर आत येण्याच्या जरा आधी.

सावंगीच्या आणि वर्ध्याच्या महाविद्यालयांमुळे सिंदी मेघेत रूम करून राहणारी मुलेमुली पुष्कळ. त्यांच्या तोंडी एक प्रश्न सतत असतो, शब्द वेगवेगळे, गाभा एकच: सुरुवातीला जे वाटत होते ते आता वाटत नाही, म्हणजे प्रेम संपले का? हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर द्यायला आधी ‘सुरुवातीला जे वाटत होते’ ते नेमके काय होते, हे पाहावे लागते.

इटलीतल्या पिसा विद्यापीठात दोनातेल्ला माराझ्झिती या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली एक विलक्षण तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी तीन गट घेतले, प्रत्येकात २० माणसे. पहिला नुकत्याच प्रेमात पडलेल्यांचा. दुसरा मंत्रचळ या विकाराच्या, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुणाऱ्या, एकच विचार मनातून न जाणाऱ्या रुग्णांचा. तिसरा इतरांचा. सगळ्यांच्या रक्तातल्या बिंबाणूंवर सेरोटोनिन वाहून नेणारी प्रथिने किती आहेत ते मोजले. मंत्रचळ असलेल्यांत ती कमी होती, आणि प्रेमात पडलेल्यांतही तेवढीच कमी! रात्री दोनला फोन उघडून ‘शेवटचे कधी ऑनलाइन होती’ हे पाहणाऱ्या मुलाच्या मनाचे आणि कुलूप लागले की नाही हे दहाव्यांदा तपासणाऱ्या माणसाच्या मनाचे काहीतरी नाते आहे, हे कवींना माहीत होतेच. आता ते रक्तात दिसले. पुढचा भाग त्याहून मोलाचा. त्या प्रेमिकांपैकी सहा जणांची बारा ते अठरा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा आकडे इतर माणसांसारखे झाले होते. वेड ओसरले होते.

वेड ओसरते म्हणजे प्रेम ओसरते का, या प्रश्नाच्या उत्तराची पहिली वीट इथे बसते. १९७९ साली डोरोथी टेनोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो माणसांशी बोलून या झपाटलेल्या अवस्थेवर पुस्तक लिहिले. तिचे आयुष्य त्यांनी साधारण दीड ते तीन वर्षे धरले. ही अवस्था कशावर जगते, हेही त्यांनी टिपले: अनिश्चिततेवर. समोरचा हो म्हणेल की नाही हे कळत नाही तोवर ती फोफावते. हंस दमयंतीला नळाविषयी सांगून उडून गेला आणि ती वाळू लागली, याचे कारण हेच. तिच्याकडे आशेपुरती माहिती होती, खात्रीपुरती नव्हती.

आकर्षण किती सहज चुकीच्या धाग्याला लोंबकळते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कापिलानो नदीवर झाला. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. नदीवर एक झुलता पूल, खाली सत्तर मीटर खोल दरी. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना पुलावरच एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. असाच प्रसंग जवळच्या एका भक्कम, बुटक्या पुलावरही. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर तिला फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. छाती धडधडत होती ती दरीमुळे, पण मनाने तिचे श्रेय समोरच्या मुलीला देऊन टाकले. यात मला माणसाची फसवणूक दिसत नाही, त्याचा भोळेपणा दिसतो. शरीर आधी थरथरते आणि मन मागाहून कारण शोधते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, परीक्षेच्या ताणात, पहिल्यांदा घर सोडून आलेल्या वर्षात इतकी प्रेमे का जमतात, याचा काही उलगडा त्या पुलावर होतो.

आता मेंदूच्या आत. २००५ साली आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि ल्यूसी ब्राऊन यांनी १७ जणांना एमआरआयच्या यंत्रात झोपवले. सगळे नुकते आणि तीव्र प्रेमात पडलेले, सरासरी सात महिन्यांहून थोडे अधिक. त्यांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला, मधे मन दुसरीकडे वळवायला उलटी आकडेमोड करायला लावली, मग एका ओळखीच्या माणसाचा फोटो दाखवला. प्रियकर-प्रेयसीचा चेहरा दिसताच मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, डोपामिन तयार करणारा एक चिमुकला भाग उजळला. हा भाग ‘हवे, हवे’ म्हणणाऱ्या यंत्रणेचा. फिशर यांनी यावरून ठामपणे मांडले की हे प्रेम राग-आनंदासारखी भावना कमी आणि तहान-भुकेसारखी ओढ जास्त आहे. भावना येते आणि जाते. तहान पाणी मिळेपर्यंत जात नाही. एकतर्फी प्रेमात मुले जेवण सोडतात ते ढोंग नसते. त्यांची एक भूक दुसरीवर मात करत असते.

तहान पाणी मिळाल्यावर भागते. मग लग्नाच्या दहा-वीस वर्षांनी त्या भागाचे काय होत असेल?

हा प्रश्न याच मंडळींनी विचारला, बियांका असेव्हेदो यांच्यासोबत. या वेळचे १७ जण लग्न होऊन सरासरी २१ वर्षे झालेले, आणि आपल्याला जोडीदाराविषयी अजूनही तीव्र प्रेम वाटते असे सांगणारे. पुन्हा तेच यंत्र, तेच फोटो. निकाल छापून आला आणि अनेकांचे अंदाज चुकले. तोच डोपामिनचा भाग पुन्हा उजळला होता! एकवीस वर्षांनी, ज्या चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती पाठ आहे तो पाहून. सोबत आणखी काही भाग जागे झाले होते, जे वेदना शमवण्याशी, शांततेशी आणि आईच्या बाळावरच्या जिव्हाळ्याशी जोडलेले आहेत. नव्या प्रेमिकांत आढळणारी ती झपाटलेली बेचैनी मात्र त्यांच्या बोलण्यात नव्हती. १७ जणांचा अभ्यास लहान, आणि ही माणसे मुद्दाम निवडलेली, हे ध्यानात ठेवायला हवेच. तरी त्याने एक गोष्ट शक्य आहे एवढे दाखवले: ओढ आणि बेचैनी ही एकाच दोरीची दोन टोके नाहीत. बेचैनी सुटली तरी ओढ राहू शकते. ‘सुरुवातीला जे वाटत होते’ त्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या होत्या, आणि त्यांपैकी एक जायचीच होती.

या गुंत्याचा सगळ्यात नवलाचा पुरावा मात्र माणसात नाही, एका मूठभर प्राण्यात सापडला. प्रेअरी व्होल हा अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला, उंदरासारखा दिसणारा प्राणी. इलिनॉय विद्यापीठाचे लोवेल गेट्झ या प्राण्यांना पकडून मोजत असत. पिंजऱ्यात पुन्हापुन्हा तेच नर-मादी एकत्र सापडतात हे त्यांच्या लक्षात आले. सस्तन प्राण्यांच्या शंभर जातींतल्या दहांहूनही कमी जाती जोडीने राहतात, त्यामुळे ही बाब लहान नव्हती. सू कार्टर आणि पुढे अनेकांनी त्यावर दशके खर्च केली. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन दिले तर समागम न होताही ती शेजारच्या नराला आपला मानू लागते, नरात व्हॅसोप्रेसिन नावाचे दुसरे द्रव्य तसेच काम करते, असे दिसून आले.

आणि मग ब्रँडन अरागोना आणि झुओशिन वांग यांच्या गटाने २००६ साली जे दाखवले ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. मेंदूत डोपामिनला बसायला वेगवेगळ्या जागा असतात. जोडी जुळण्याच्या वेळी डोपामिन एका प्रकारच्या जागेवर, डी-२ वर, काम करते. नर मादीसोबत काही दिवस राहिला की त्याच्या मेंदूत दुसऱ्या प्रकारच्या, डी-१, जागा वाढतात. आता दुसरी मादी समोर आणली तर तो तिच्यावर धावून जातो. डी-१ जागा औषधाने अडवल्या तर तो धावून जात नाही. म्हणजे तेच रसायन, त्याच मेंदूत, आधी जोडी जुळवते आणि मग राखते. पण राखण्यासाठी मेंदू नवे दार बांधून घेतो. पहिले दार जुने होऊन बंद पडले म्हणून घर ओस पडले असे नाही. २०२३ साली तर आणखी एक धक्का बसला. संशोधकांनी जनुके बदलून असे व्होल तयार केले ज्यांच्यात ऑक्सिटोसिन घेणारी जागाच नव्हती. त्यांनीही जोड्या जमवल्या आणि पिल्ले वाढवली. इतकी वर्षे ज्याला प्रेमाची किल्ली म्हणत होते ती किल्ली नसतानाही कुलूप उघडले. निसर्गाने एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला एकच वाट ठेवलेली नाही, हे मला फार आश्वासक वाटते.

व्होल बोलत नाहीत, हप्ते भरत नाहीत, सासू-सासऱ्यांबरोबर राहत नाहीत. म्हणून माणसांकडे यायला हवे, आणि आपल्याकडच्या माणसांकडे. जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी १९८२ साली ५० जोडप्यांना प्रेम मोजणारी प्रश्नावली दिली. काहींचे प्रेमविवाह, काहींचे घरच्यांनी ठरवलेले. प्रेमविवाहांत सुरुवातीला गुण जास्त, पाच वर्षांनंतर घसरलेले. ठरवलेल्यांत सुरुवातीला कमी, पुढे वाढत गेलेले. आपल्याकडे हा अभ्यास कांदेपोह्यांच्या बाजूने साक्ष म्हणून बऱ्याचदा पुढे केला जातो. मला ती घाई पटत नाही. ५० जोडप्यांवर एवढा भार टाकू नये, आणि २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांवर पॅमेला रेगन यांनी केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांत फरकच दिसला नाही. लग्न कसे जमले यावर सगळे ठरत असते तर दमयंतीचे, म्हणजे अस्सल प्रेमविवाहाचे, भवितव्य पहिल्याच संकटात संपले असते.

माझ्या मते खरा फरक लग्न जमल्यानंतरच्या ओळखीत पडतो. याचे आमच्या जिल्ह्यातले उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. जमीनदाराचा मुलगा, सिनेमाचा शौकीन, इंग्रजीत चित्रपट परीक्षणे लिहिणारा. पुढे वकील झाले आणि वर्ध्यात वकिली केली. मग सगळे टाकून दाढी-जटा वाढवलेल्या बैराग्याच्या वेशात राहू लागले, लग्न न करण्याच्या निश्चयाने. त्यांनी नागपूरच्या घुले यांच्या घरी इंदूला पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरात तिच्या बहिणीच्या लग्नाची धामधूम होती. सगळे मंडपात, आणि ही मुलगी गुपचूप मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती.

आकर्षणाचा हा क्षण नीट पाहण्याजोगा आहे. स्वयंवरात दमयंतीने जो घाम पाहिला तोच जणू बाबांनी इथे पाहिला. पहिल्या दृष्टिक्षेपात रूप दिसते तसा स्वभावही दिसू शकतो, फक्त पाहणाऱ्याची नजर तिकडे हवी. सनातनी, विद्वान घराण्यातली मुलगी आणि जटाधारी, तिच्याहून जवळपास बारा वर्षांनी मोठा माणूस. १८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे लग्न झाले आणि इंदूची साधना झाली.

इथवर गोष्ट सिनेमासारखी आहे. पुढची तशी नाही. वरोऱ्यात बाबा भंग्याचे काम करत असताना गटारीकडेला त्यांना तुळशीराम दिसला, कुष्ठरोगाने सडलेला, मरणाला टेकलेला. निर्भय म्हणून ओळखले जाणारे बाबा घाबरून पळाले. त्या पळण्याने त्यांची झोप उडाली, ते परत गेले, तुळशीरामची शेवटपर्यंत सेवा केली आणि आयुष्याची दिशा ठरली. तेव्हा घरात दोन लहान मुले होती, १९४७ चा विकास आणि १९४८ चा प्रकाश. कुष्ठरोगाची भीती त्या काळी किती होती याची आज कल्पना येत नाही. १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये घेऊन आमटे कुटुंब वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. तिथे साप होते, जनावरे होती, पाणी नव्हते. विहीर खणावी लागली. त्या माळाचे आनंदवन झाले.

साधनाताईंनी ‘समिधा’ या आत्मचरित्रात हा सगळा काळ मांडला आहे. पुढे बाबांच्या पाठीचा कणा इतका खराब झाला की त्यांना बसता येईना. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. त्याच अवस्थेत १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली. १९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा साधनाताई तिथेही बरोबर होत्या. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, साधनाताई ९ जुलै २०११ ला. एकसष्ट वर्षांचा संसार. बाबांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि साधनाताईंचा उल्लेख त्यात ‘खंबीर साथ’ एवढ्यावर संपवण्याची खोड आपल्याला आहे. ती साथ म्हणजे एका झपाटलेल्या माणसाची रोजची पथ्ये, रोजचा पै-पाहुणा, रोजची काळजी, आणि दर काही वर्षांनी मोडून नव्याने मांडलेले घर. टिकलेले प्रेम पाहायचे तर ते अशा बारीक कामांत पाहावे लागते.

बारीक कामे मोजणाराही एक माणूस निघाला. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन गॉटमन यांनी राहत्या घरासारखी प्रयोगशाळा उभारली, तिथे नवविवाहित जोडप्यांना राहायला बोलावले आणि कॅमेऱ्यांतून पाहत राहिले. भांडणे, प्रेमालाप हे तर पाहिलेच, पण त्यांचे लक्ष गेले ते अगदी क्षुल्लक हाकांवर. एकाने काहीतरी म्हणायचे, दुसऱ्याने वळायचे किंवा न वळायचे. सहा वर्षांनी चौकशी केली तेव्हा ज्यांचे लग्न टिकले होते ते अशा हाकांना शंभरात ८६ वेळा वळले होते. ज्यांचे मोडले होते ते ३३ वेळा.

ही हाक कशी असते? आमच्या गल्लीत संध्याकाळी ओसरीवर एक वयस्क जोडपे बसते. काकांच्या हातात पेपर, काकूंच्या पुढ्यात अंबाडीची भाजी.

“अवं, हे पाय नं, बोर धरण भरलं म्हणते.”

“काय होय?” काकू हातातली जुडी खाली ठेवतात, चष्मा वर करतात, पेपरकडे वाकतात. धरण भरल्याचे त्यांना सकाळीच कळलेले असते, मीच सांगितलेले. तरी त्या वाकतात.

एवढेच. आकर्षणाच्या काळात हे वळणे आपोआप घडते, कारण समोरच्याच्या प्रत्येक शब्दात ‘हो’ की ‘नाही’ शोधायचे असते. खात्री झाली की ती गरज संपते, आणि वळायला दुसरे कारण लागते. ते कारण ज्यांना सापडते त्यांचे प्रेम पुढे चालते. फोन हातात असला की वळणे किती अवघड होते, हे सिंदी मेघेतल्या कुठल्याही घरात दिसेल, आमच्याही.

जुन्या ओळखीत नवलाई आणता येते का, हेही तपासले गेले आहे. झुलत्या पुलावरच्या आर्थर ॲरन यांनीच सन २००० मध्ये विवाहित जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधले आणि मधे एक उशी धरून, हात न लावता, जिमच्या गादीवरून रांगत पलीकडे जायला सांगितले. घड्याळ लावलेले. जोडपी हसून बेजार. दुसऱ्या गटाला अगदी साधे, संथ काम दिले. नंतर विचारले तेव्हा पहिल्या गटाला आपले नाते अधिक चांगले वाटत होते. जो माणूस वीस वर्षे ठाऊक आहे तो नव्या प्रसंगात पुन्हा थोडा अनोळखी होतो, आणि ओढ त्या फटीतून परत आत येते. लग्नाला तीस वर्षे झालेल्या बायका नवऱ्याला पहिल्यांदाच सोबत घेऊन वारीला निघतात, किंवा दोघे मिळून मोबाइलवर पैसे पाठवायला शिकतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो उजाळा दिसतो तो काही फक्त देवाचा किंवा तंत्रज्ञानाचा नसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून वरचे सगळे घातक ठरेल. लांबलेले लग्न आणि टिकलेले प्रेम हे एक नाही. मारहाण सोसत काढलेली चाळीस वर्षे हा प्रेमाचा पुरावा नसतो. गॉटमन यांच्या आकड्यांचा आधार घेऊन कुणी बाईला ‘तूच वळत राहा’ म्हणू लागले तर त्याने ते आकडे वाचलेलेच नाहीत. ते दोघांचे आहेत. दमयंतीने घास ओळखल्यावर काय केले ते पाहा. ती धावत जाऊन गळ्यात पडली नाही. आधी मुलांना बाहुकाकडे पाठवले, त्यांना जवळ घेऊन तो रडला ते कळू दिले, मग त्याला समोर बोलावले आणि विचारले, निरपराध बायकोला रानात झोपेत टाकून कोण जातो? नळाला उत्तर द्यावे लागले. त्याला आणवण्यासाठी तिने दुसरे स्वयंवर मांडल्याची आवई उठवली होती, तिच्याबद्दल त्यानेही जाब विचारला आणि तिलाही उत्तर द्यावे लागले. ओळख पटणे आणि हिशेब मागणे या दोन्ही गोष्टी तिने एकाच दिवशी केल्या.

रुक्मिणीचेही असेच आहे. तिचेही मन ऐकूनच जडले होते; कृष्णाला न पाहता तिने ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडला. मराठी कवितेला या मुलीचे भारी वेड. महदंबेच्या धवळ्यांपासून महानुभाव कवी नरेंद्र आणि पुढे एकनाथांपर्यंत सगळ्यांनी रुक्मिणीचे स्वयंवर गायले, आणि ही आख्याने लग्नाच्या मांडवात येऊन थांबली. पण पंढरपुरात जाऊन पाहा. रुक्मिणी विठ्ठलाच्या शेजारी उभी नाही, तिचे देऊळ वेगळे, मागच्या अंगाला. सांगतात ते असे की राधेला कृष्णाजवळ पाहून ती रुसली, द्वारका सोडून पंढरपूरच्या दिंडीरवनात येऊन बसली, आणि देव तिला शोधत तिथवर आला. कौंडण्यपूरहून तिच्या माहेरची पालखी चारशेहून अधिक वर्षे दर आषाढीला पंढरपूरला जाते. मांडवानंतरचा तो संसार कुणी गायला नाही असे मात्र नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विठ्ठलाचे आणि रुक्मिणीचे रुसवे, टोमणे, समजुती, एकमेकांसाठी ताटकळणे, हे सगळे त्यांत आहे. पहाटे दळण दळत, स्वतः वीस-तीस वर्षे संसार केलेल्या बायांनी रचलेले.